आरटी-पीसीआरमधला ‘आरटी’ : एका कोंबडीपासून सीएमएलच्या गोळीपर्यंत



कोरोनाच्या काळात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घराघरांत पोचला. नाकात काडी घालून स्वॅब घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाईलवर. पण हीच तपासणी वर्षानुवर्षे दर तीन महिन्यांनी करून घेणारे रुग्ण आपल्या आसपास आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यांच्या नाकातून काही घेत नाहीत, हातातून रक्त घेतात. शोधायचा असतो तो विषाणू नव्हे, तर रक्ताच्या एका कर्करोगाची खूण. या आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल.

या रुग्णांचा एक ठरलेला प्रश्न असतो. “डॉक्टर, आता रक्त नॉर्मल आलंय, मला काही त्रासही नाही. मग ही गोळी रोज कशाला? आणि ही महागडी तपासणी पुन्हा पुन्हा कशासाठी?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं एका वाक्यात उत्तर देता येतं, पण ते मनाला पटत नाही. ही गोळी आणि ही तपासणी कुठून आली हे कळलं, की उत्तर आपोआप पटतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. त्याची सुरुवात होते न्यूयॉर्कमधल्या एका आजारी कोंबडीपासून.

राऊस यांची कोंबडी

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस नावाचे तरुण डॉक्टर संशोधन करत होते. त्यांच्याकडे एका शेतावरची कोंबडी आणली गेली. कोंबडीच्या छातीवर मोठी गाठ होती. राऊस यांनी गाठ तपासली, तो सार्कोमा जातीचा कर्करोग निघाला. त्या गाठीचे तुकडे त्यांनी त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांमध्ये रोवले. तिथेही गाठी आल्या.

यानंतर त्यांनी पुढचा प्रयोग केला. गाठ वाटून तिचा रस काढला आणि तो इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की त्यात एकही पेशी किंवा जीवाणू उरू नये. तो गाळलेला रस कोंबड्यांना टोचला, तरी कर्करोग झाला. म्हणजे पेशीपेक्षाही लहान असं काहीतरी हा रोग घडवत होतं. तो विषाणू होता. १९११ साली राऊस यांनी हे प्रसिद्ध केलं.

त्या काळी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ‘कोंबड्यांचं काय ते कोंबड्यांपाशी, माणसाशी याचा काय संबंध?’ असाच एकंदर सूर होता. राऊस दुसऱ्या कामांकडे वळले. या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं ते १९६६ साली. तेव्हा त्यांचं वय होतं ८७, आणि शोध लागून ५५ वर्षं झाली होती.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. माणसाला होणारा सीएमएल विषाणूमुळे होत नाही. तो संसर्गाने पसरत नाही, कोंबडी खाल्ल्याने होत नाही आणि रुग्णाच्या ताटात जेवल्यानेही होत नाही. राऊस यांच्या विषाणूचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. निरोगी पेशीची कर्करोगाची पेशी कशी होते, हे त्या विषाणूमुळे बघता आलं.

मूळ दप्तर आणि नक्कल

पुढचं समजण्यासाठी डीएनए आणि आरएनए यांतला फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, जमिनीच्या सातबाराचं.

मूळ नोंदी तलाठ्याच्या दप्तरात असतात. दप्तर कुणी घरी नेत नाही. काम पडलं की त्यातल्या हव्या त्या नोंदीची नक्कल काढायची आणि बँकेत किंवा कोर्टात ती वापरायची. पेशीतही तसंच असतं. डीएनए हे मूळ दप्तर. त्यातली एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. पेशीला एखादं प्रथिन बनवायचं असलं, की त्या जनुकाची नक्कल निघते. ती नक्कल म्हणजे आरएनए. ही नक्कल वाचून प्रथिन तयार होतं आणि पेशीतली प्रत्यक्ष कामं प्रथिनं करतात.

१९६०च्या दशकात शास्त्रज्ञांची ठाम समजूत होती, की हा प्रवास एकाच दिशेने होतो. दप्तरावरून नक्कल निघते, नकलेवरून दप्तर कधी लिहिलं जात नाही.

अडचण अशी, की राऊस यांच्या विषाणूत डीएनए नव्हताच, होता फक्त आरएनए. तरीही तो पेशीत शिरला की पेशी कायमची बदलायची, आणि तिच्या विभाजनातून निघालेल्या सगळ्या पेशीही तशाच निघायच्या. नुसत्या नकलेमुळे दप्तर कायमचं कसं बदललं?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले हॉवर्ड टेमिन म्हणाले, की हा विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या दप्तरात घुसवतो. आपल्या भाषेत सांगायचं, तर नक्कल हातात घेऊन येतो आणि तिच्या आधारे मूळ दप्तरात फेरफार नोंदवून घेतो. हे मत त्यांनी १९६४ साली मांडलं, आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी ते उडवून लावलं.

१९७० साली पुरावा मिळाला. टेमिन आणि त्यांचे सहकारी सातोशी मिझुतानी यांनी, आणि त्याच वेळी एमआयटीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डेव्हिड बाल्टिमोर यांनी, असा उलटा उतारा करणारं एन्झाइम विषाणूतच सापडल्याचं दाखवून दिलं. दोन्ही निबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. त्या एन्झाइमचं नाव पडलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. आरटी-पीसीआरमधला ‘आरटी’ म्हणजे या एन्झाइमचं काम, आरएनएवरून डीएनए लिहिणं.

१९७५ साली टेमिन आणि बाल्टिमोर यांना, रेनातो दुल्बेको यांच्यासोबत, नोबेल मिळालं. त्या समारंभातल्या छोट्या भाषणात टेमिन यांनी स्वतःच्या शोधापेक्षा धूम्रपानाबद्दलच जास्त कळकळीने सांगितलं. कर्करोग टाळण्याचा इतका मोठा उपाय हाताशी असताना लोक तो वापरत नाहीत, याचा त्यांना संताप यायचा. स्वतः कधी सिगारेट न ओढणारे टेमिन १९९४ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. कर्करोग नेहमी हिशेब ठेवून वागत नाही. म्हणून काही त्यांचा सल्ला खोटा ठरत नाही.

चोरीचा माल आपल्याच घरचा

विषाणू दप्तरात काय घुसवतो, हा पुढचा प्रश्न होता. राऊस यांच्या विषाणूत कर्करोग घडवणारं एकच जनुक आहे, हे हळूहळू स्पष्ट झालं. सार्कोमावरून त्याला ‘सार्क’ म्हणू लागले.

१९७० सालीच स्टीव्ह मार्टिन यांना या विषाणूचा एक वेगळा प्रकार सापडला. त्याचं सार्क तापमानाला नाजूक होतं. कमी तापमानात ठेवलेल्या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या वागायच्या, तापमान वाढवलं की पुन्हा सरळ व्हायच्या. याचा अर्थ मोठा होता. पेशी बिघडलेली राहण्यासाठी सार्कचं काम सतत चालू असावं लागतं. ते बंद पडलं तर पेशी ताळ्यावर येते. हे वाक्य लक्षात ठेवा, गोळीपाशी पोचलो की ते पुन्हा लागेल.

सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस हे दोघे काम करत होते. दोघंही मुळात डॉक्टर. वार्मस यांनी तर आधी इंग्रजी साहित्यात एमए केलं होतं, आणि वैद्यकीय विद्यार्थी असताना आपल्याकडे बरेलीच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काही काळ काम केलं होतं. या दोघांनी विचारलं, की विषाणूला हे सार्क मिळालं कुठून? विषाणूला स्वतःची वाढ करायला त्याची गरज नाही. मग ते तो बाळगतो कशाला?

त्यांच्या प्रयोगशाळेत फ्रान्सहून आलेले डोमिनिक स्टेहेलां यांनी टेमिन-बाल्टिमोर यांचंच एन्झाइम वापरून सार्कच्या आरएनएवरून किरणोत्सारी डीएनएचा तुकडा बनवला. हा तुकडा जिथे जुळणारी नोंद असेल तिथे जाऊन चिकटतो. तो त्यांनी संसर्ग न झालेल्या निरोगी कोंबडीच्या डीएनएत सोडला आणि तो चिकटला. बदकाच्या डीएनएत चिकटला, इतर पक्ष्यांतही चिकटला. १९७६ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे सस्तन प्राण्यांत आणि माणसातही हे जनुक सापडलं.

म्हणजे सार्क विषाणूचं नव्हतंच. कधीतरी एका विषाणूने ते कोंबडीच्या पेशीतून उचललं होतं, आणि उचलताना ते बिघडलं होतं. मूळ जनुक तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे आणि तिथे ते सरळमार्गी काम करतं. कर्करोग म्हणजे बाहेरून आलेला कुणी राक्षस, ही कल्पना इथे मोडली. आपल्याच घरातलं उपयोगी माणूस बिघडलं, की घराचा घात होतो. बिशप आणि वार्मस यांना १९८९ साली नोबेल मिळालं.

पेशीतले निरोप आणि शिक्के

मग हे सार्क निरोगी पेशीत नेमकं काय करतं?

आपल्या शरीरातली कुठलीही पेशी मनाला येईल तेव्हा विभागत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. जखम झाली तर तिथल्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप जातो, जखम भरली की तो थांबतो. निरोप पेशीच्या दाराशी येतो, पण दप्तर आत खोलवर असतं. तिथपर्यंत तो पोचवण्यासाठी आत प्रथिनांची साखळी असते. सरकारी कचेरीत फाईल जशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का पडल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसंच हे चालतं.

पेशीतला शिक्का म्हणजे फॉस्फेटचा छोटासा कण. तो दुसऱ्या प्रथिनावर लावणाऱ्या प्रथिनांना किनेज म्हणतात. १९७८ साली कोलोरॅडोत रे एरिकसन आणि मार्क कोलेट यांनी दाखवलं, की सार्क हे असं शिक्के मारणारं प्रथिन आहे.

पुढचा शोध गमतीशीर अपघाताने लागला. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतल्या सेरीन आणि थ्रिओनीन या दोघांवरच असा शिक्का पडतो अशी तोवर समजूत होती. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर दुसऱ्या एका विषाणूचं प्रथिन तपासत होते. नमुने वेगळे करायला लागणारं द्रावण त्यांनी ताजं न करता जुनंच वापरलं. वापरून वापरून त्याची आम्लता थोडी वाढली होती, पीएच १.९ च्या जागी १.७ झाला होता. ताज्या द्रावणात जे दोन ठिपके एकमेकांवर पडून एकच दिसायचे, ते या जुन्या द्रावणात वेगळे झाले. नवा ठिपका होता टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लावरच्या शिक्क्याचा. लवकरच हंटर आणि बार्ट सेफ्टन यांनी सार्कही टायरोसीनवरच शिक्का मारतं हे सिद्ध केलं.

निरोगी पेशीत टायरोसीनवरचे शिक्के फारच कमी असतात, एकूण शिक्क्यांच्या एक टक्क्याहूनही खूप कमी. पण ‘वाढ’, ‘विभाग’, ‘जगून राहा’ असे मोठे निर्णय याच शिक्क्यांवर चालतात. बिघडलेलं सार्क म्हणजे अर्ज आलेला नसतानाही रात्रंदिवस शिक्के मारत बसलेला कारकून. दाराशी निरोप नाही, तरी आत हुकूम सुटतोच आहे.

फिलाडेल्फियाचं आखूड गुणसूत्र

आता कोंबडीकडून माणसाकडे येऊ. त्यासाठी थोडं मागे, १९६० सालात जावं लागेल.

फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या रक्तपेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. गुणसूत्र म्हणजे डीएनएच्या दप्तराचा एकेक खंड, माणसात त्यांच्या २३ जोड्या असतात. या आखूड गुणसूत्राला शहराचं नाव मिळालं, फिलाडेल्फिया गुणसूत्र. एखाद्या कर्करोगात कायम आढळणारा गुणसूत्राचा बिघाड सापडण्याची ही पहिलीच वेळ.

तुटलेला तुकडा गेला कुठे, हे शिकागोच्या डॉ. जॅनेट राऊली यांनी १९७३ साली दाखवून दिलं. मुलं लहान असल्याने त्या अर्धवेळ काम करायच्या. गुणसूत्रांचे फोटो घरी आणून, कात्रीने कापून जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. त्यांना दिसलं की २२ क्रमांकाचा तुकडा ९ क्रमांकाला चिकटला आहे; ९ चा तुकडाही २२ ला चिकटलेला असतो. दोन खंडांची पानं सुटून चुकीच्या ठिकाणी शिवली गेली होती.

१९८०च्या दशकात या शिवणीपाशी काय आहे ते कळलं. ९ व्या गुणसूत्रावर ‘एबीएल’ नावाचं जनुक असतं. ते आधी उंदरांत ल्युकेमिया करणाऱ्या एका विषाणूत सापडलं होतं आणि सार्कसारखंच टायरोसीनवर शिक्के मारणारं होतं. सीएमएलमध्ये हे एबीएल उडून २२ व्या गुणसूत्रावरच्या ‘बीसीआर’ला जोडलं जातं. १९८५ साली या दोन जनुकांची मिळून निघालेली एकच जोड-नक्कल, म्हणजे बीसीआर-एबीएल आरएनए, रुग्णांच्या पेशींत दाखवण्यात आली. तिच्यावरून बनणारं प्रथिन शिक्के मारणं थांबवतच नाही. १९९० साली बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत हे जोड-जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातलं, तेव्हा त्या उंदरांना सीएमएलसारखा आजार झाला. गुन्हेगार हाच, हे पक्कं झालं.

म्हणूनच सीएमएलमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, पाणथरी फुगते, डाव्या बरगडीखाली जडपणा येतो, थकवा येतो, वजन उतरतं. अनेकांना तर काहीच जाणवत नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघतात. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात, तिशी-चाळिशीतही बराच दिसतो.

शिक्क्याची शाई काढून घेतली

जुन्या काळी सीएमएलवर बुसल्फान, हायड्रॉक्सियुरिया अशी औषधं होती. पांढऱ्या पेशी त्याने कमी व्हायच्या, पण आजार आतून पुढे सरकतच राहायचा आणि बहुतेक रुग्ण तीन ते पाच वर्षांत जायचे. नंतर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आली, काहींना त्याचा चांगला उपयोग झाला, पण ती सोसवत नसत. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मोठा उपाय होता, मात्र जुळणारा दाता, पैसा आणि जिवाचा धोका या तिन्ही गोष्टी आड यायच्या.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा-गायगी कंपनीत निक लायडन यांचा गट किनेज बंद करणारं रसायन शोधत होता. शिक्का मारायला फॉस्फेट लागतं आणि किनेजला ते एटीपी नावाच्या रेणूकडून मिळतं. शिक्क्याला जसं शाईचं पॅड, तसं किनेजमध्ये एटीपीसाठी एक खोबण असते. त्या खोबणीत नेमकं बसणारं रसायन मिळालं, तर शिक्का कोरडा पडेल. युर्ग झिमरमान यांनी असे अनेक रेणू बनवून पाहिले. ऑरेगनचे डॉ. ब्रायन ड्रूकर यांनी ते सीएमएलच्या पेशींवर तपासले. त्यातला एक रेणू बीसीआर-एबीएल असलेल्या पेशी मारायचा आणि निरोगी पेशींना बराचसा सोडून द्यायचा. तोच पुढे इमॅटिनिब झाला.

कंपनीत तेव्हा फारसा उत्साह नव्हता, कारण सीएमएलचे रुग्ण संख्येने थोडे. ड्रूकर मागे लागले. जून १९९८ मध्ये रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या ज्या ५४ रुग्णांना पुरेसा डोस मिळाला, त्यांतल्या ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं. बातमी पसरली. औषध पुरेसं बनवा म्हणून १९९९ साली रुग्णांनी हजारो सह्यांचं पत्र कंपनीला पाठवलं. १० मे २००१ रोजी अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली. इमॅटिनिबने सुरुवात केलेल्या रुग्णांचा पुढे दीर्घकाळ पाठपुरावा झाला, त्यात दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

भारतात प्रश्न उभा राहिला किमतीचा. नोवार्टिसची ग्लिवेक महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपयांना, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांना. नोवार्टिसने अनेक रुग्णांना औषध मोफतही दिलं, पण पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळ्या बंद पडल्या असत्या. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट नाकारलं. आज आपल्याकडे ही गोळी साध्या मेडिकल दुकानातही परवडणाऱ्या दरात मिळू शकते, त्यामागे हा निकाल आहे.

मग गोळी रोज का, आणि तपासणी पुन्हा पुन्हा का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

गोळी शिक्का मारण्याची जागा अडवून ठेवते. दप्तरातली चुकीची शिवण ती उसवत नाही. अस्थिमज्जेत खोलवर असलेल्या काही मूळ पेशींत ती शिवण तशीच राहते. गोळीचा अंमल संपला की खोबण मोकळी, शाई हजर आणि कारकून पुन्हा कामावर. स्टीव्ह मार्टिन यांचा प्रयोग आठवा. बिघाडाचं काम बंद असेतोवर पेशी ताळ्यावर, ते सुरू झालं की पुन्हा तेच. म्हणून रोज.

‘एखादी चुकली तर काय होतं?’ असंही विचारतात. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८७ रुग्णांच्या गोळीच्या डब्यांना इलेक्ट्रॉनिक झाकणं लावली होती, डबा कधी उघडला ते त्यात नोंदलं जायचं. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर दबण्याचं प्रमाण सहा वर्षांत सुमारे ९४ टक्के होतं. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ते जेमतेम २८ टक्के. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्के होतात, एवढं ध्यानात ठेवा.

तपासणीचं कारणही आता समजेल. साध्या रक्ततपासणीत पेशी मोजतात. शंभरात एक पेशी बिघडलेली असली तरी तो रिपोर्ट नॉर्मलच दिसतो. आरटी-पीसीआर जोड-नक्कल शोधते आणि ती हजारांत, लाखांत एक असली तरी पकडते. डीएनए न तपासता आरएनए का? कारण डीएनएतली तोडजोड प्रत्येक रुग्णात थोड्या वेगळ्या जागी झालेली असते. पण नक्कल तयार होताना मधला बिनकामाचा मजकूर गाळला जातो, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांची जोड-नक्कल दोन-तीन ठरावीक प्रकारांचीच निघते. एकाच तपासणीत बहुतेकांचं काम भागतं.

रिपोर्टवर टक्केवारी असते. साधारणपणे तीन महिन्यांत ती १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांत १ टक्का किंवा त्याखाली आणि वर्षभरात ०.१ टक्का किंवा त्याखाली यावी अशी अपेक्षा असते. एखादा आकडा थोडा वर गेला म्हणून घाबरू नका, तपासणी पुन्हा करून खात्री करतात. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे तुलना नीट होते.

आकडा सतत चढत असेल तर दोन शक्यता असतात. गोळ्या चुकत असतील, किंवा बीसीआर-एबीएलच्या खोबणीचा आकारच बदलला असेल आणि गोळी तिथे बसत नसेल. हा दुसरा प्रकार २००१ सालीच लक्षात आला. त्यासाठी वेगळी तपासणी आहे आणि डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशा पुढच्या पिढीच्या गोळ्या आहेत. डॅसॅटिनिब तर सार्कलाही अडवते, म्हणजे राऊस यांच्या कोंबडीतल्या त्याच कारकुनाला.

गोळी कधीच थांबत नाही असंही नाही. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान दोन वर्षं ज्यांच्या तपासणीत काहीच सापडत नव्हतं, अशा रुग्णांची गोळी देखरेखीखाली थांबवली. सुमारे ६० टक्के लोकांत आजार परतला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. बाकीच्यांना गोळीशिवाय राहता आलं. पण हे शक्य झालं कारण तपासणी दर महिन्याला होत होती. स्वतःच्या मनाने थांबवणं आणि असं थांबवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी, मळमळ कमी होते. पापण्यांना सूज, पायात गोळे, मळमळ हे त्रास बऱ्याच जणांना होतात आणि त्यावर उपाय असतात. त्रास होतो म्हणून गुपचूप गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मूल हवं असेल तर आधी बोला, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी कुणाकडेही गेलात, अगदी आयुर्वेदिक किंवा घरगुती औषध घेणार असलात, तरी ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण काही औषधांनी तिचा रक्तातला अंमल कमी-जास्त होतो.

शेवटी एक खुलासा. ही गोष्ट वाचून ‘मग सगळ्या कॅन्सरवर अशी गोळी का नाही?’ असं वाटेल. सीएमएल सुरुवातीच्या टप्प्यात मुख्यतः एकाच बिघाडावर उभा असतो, म्हणून एक शिक्का बंद केला की भागतं. बहुतेक कर्करोगांत अनेक बिघाड एकत्र असतात. तरीही याच वाटेने इतरत्र औषधं मिळाली आहेत. स्तनाच्या कर्करोगात ‘हर-टू’ आणि फुप्फुसाच्या कर्करोगात ‘ईजीएफआर’ ही तपासणी सांगतात, ती अशाच टायरोसीनवर शिक्के मारणाऱ्या प्रथिनांची असते. तुमच्या घरात कुणाच्या बायोप्सीवर ती तपासणी लिहिली असेल, तर खर्च वाढतो म्हणून टाळू नका. कोणतं औषध लागू पडेल हे त्यावरच ठरतं.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करा. पुढच्या भेटीला जाताना आत्तापर्यंतचे सगळे बीसीआर-एबीएल रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या. एकट्या रिपोर्टपेक्षा आकडे कसे उतरत गेले ते पाहूनच डॉक्टरांना जास्त कळतं.